नवऱ्याची सही कायदा मागत नाही

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी एकतीस वर्षांची आहे, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी करते. मुलगी चार वर्षांची. या महिन्यात पाळी चुकली, घरी तपासलं तर दोन रेघा आल्या. आम्ही काळजी घेत होतो, तरी हे झालं. पहिल्या बाळंतपणानंतर वर्षभर माझी अवस्था फार वाईट होती. झोप नाही, रडू आवरायचं नाही, गोळ्या चालू होत्या. त्या बंद होऊन आता दोन वर्षं झाली. पुन्हा त्यातून जायची माझी हिंमत नाही. नवरा पुण्याला असतो, शनिवार-रविवारी येतो. माणूस वाईट नाही, पण त्याला सांगितलं की तासाभरात सासूबाईंना कळणार आणि मग ‘आता मुलगा होऊ दे’ एवढंच कानावर पडत राहणार. इथल्या डॉक्टर मॅडमकडे गेले तर म्हणाल्या, नवऱ्याला सहीला घेऊन या, दोघांचं आधार कार्ड लागेल. त्यांच्याकडचा कंपाउंडर आमच्या भावकीतला आहे. त्यानं मला पाहिलंय. तेव्हापासून जेवण जात नाही.

कायद्यानं खरंच सही लागते का? माझं नाव कुठे कुठे लिहिलं जाईल? उद्या नवऱ्याला कळलं तर तो केस करू शकतो का?

– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

सही लागत नाही. आधी एवढं वाचून घ्या, दोन घास खा, मग पुढचं वाचा.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला थोडक्यात कळवलं होतं, कारण अशा गोष्टीत सदराचा दिवस येईपर्यंत थांबणं परवडत नाही. आता तुमच्या परवानगीनं आणि ओळखीच्या खुणा बदलून सविस्तर लिहिते आहे. हाच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून, जवळजवळ याच शब्दांत, पुन्हा पुन्हा येतो.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, १ एप्रिल १९७२ पासून लागू झालेला. त्याच्या तिसऱ्या कलमात संमतीबद्दल दोनच गोष्टी आहेत. मुलगी अठराच्या आतली असेल किंवा स्त्री मानसिक आजारी असेल तर पालकाची लेखी संमती लागते. बाकी प्रत्येक वेळी त्या गरोदर स्त्रीची संमती, आणि फक्त तिचीच. नवरा, सासरा, वडील, भाऊ यांचा तिथे उल्लेखसुद्धा नाही. संमतीचा जो छापील नमुना आहे, त्याला ‘फॉर्म सी’ म्हणतात. त्यात तुमचं नाव, वय, पत्ता आणि ‘अमुक यांची पत्नी किंवा मुलगी’ असा रकाना असतो. तिथे तुम्ही वडिलांचं नाव लिहिलं तरी चालतं. खाली सहीची जागा एकच, तुमची. नवऱ्याच्या सहीसाठी कुणी वेगळी ओळ आखून ठेवली असेल, तर ती त्या दवाखान्यानं स्वतःच्या मनानं आखलेली आहे.

तुमच्या जुन्या गोळ्यांवरून कुणी ‘मग पालकाची सही आणा’ असं म्हणू नये, म्हणून हेही सांगते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट म्हणतो की पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज कुणाला मानसिक आजारी ठरवता येत नाही. तुमचे उपचार संपलेत, तुम्ही रोज कॅश मोजता, घर चालवता, लेकीला शाळेत सोडता. पालकाच्या संमतीचं ते कलम तुम्हाला लागू नाही. उलट त्या वेळची फाईल जपून असेल तर घेऊन जा. गरोदरपण पुढे चालू ठेवलं तर स्त्रीच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा होण्याचा धोका, हे गर्भपातासाठी कायद्यानं मान्य केलेलं कारण आहे आणि ती फाईल त्या कारणाला बळ देते. शिवाय गर्भनिरोधक साधन फसलं, हे वीस आठवड्यांपर्यंतचं मान्य कारण आहेच. पूर्वी तिथे ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ असे शब्द होते. २०२१ च्या दुरुस्तीनं ते ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे केले.

मग डॉक्टर सही का मागतात? बहुतेक वेळा भीतीनं. उद्या नवरा चार जणांना घेऊन आला, दवाखान्याच्या काचा फुटल्या, पोलिसात तक्रार गेली तर हातात एक कागद असावा, एवढाच विचार असतो. भीती खरी आहे, मला ती समजते. पण डॉक्टरच्या भीतीची किंमत पेशंटनं का द्यावी? २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. चंद्रचूड, न्या. बोपन्ना आणि न्या. पारडीवाला यांच्या खंडपीठानं नेमकं यावर बोट ठेवलं. प्रकरण होतं एका पंचवीस वर्षांच्या अविवाहित मुलीचं. तिचे वीस आठवडे उलटून गेले होते आणि दिल्ली उच्च न्यायालयानं तिला नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तिला परवानगी तर दिलीच, वर हेही नोंदवलं की कुटुंबाची संमती, जादा कागदपत्रं, कोर्टाची परवानगी अशा कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत. गरज पडली तर तुमच्या मॅडमना हे सांगा. भांडू नका, शांतपणे सांगा: “मी सज्ञान आहे, फॉर्म सीवर माझीच सही लागते.”

हे सगळं कुठून येतं ते थोडं सांगते, म्हणजे आपण कुणाकडे मेहरबानी मागतोय असं तुम्हाला वाटणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं रक्षण आहे. मूल होऊ द्यायचं की नाही हा निर्णय त्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सांगितलं. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगातल्या एका कच्च्या कैदी स्त्रीच्या निमित्तानं स्वतःहून दखल घेतली आणि बजावलं की गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क त्या स्त्रीचा एकटीचा आहे, मग ती विवाहित असो वा नसो. तुरुंगाच्या दाराशी जो हक्क संपत नाही, तो सासरच्या उंबऱ्याशी कसा संपेल?

आणि २४ ऑगस्ट २०१७ चा तो नऊ न्यायाधीशांचा एकमुखी निकाल. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधार योजनेला आव्हान दिलं, त्यातून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही हा प्रश्न उभा राहिला आणि न्यायालयानं ‘आहे’ असं उत्तर दिलं. शरीराबद्दलचे, मूल होण्याबद्दलचे निर्णय त्यात आले. आधारवरून सुरू झालेल्या त्या लढ्यानं हा हक्क पक्का केला आणि तुमच्या तालुक्यात आजही दोघांच्या आधारवाचून दार उघडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गर्भपाताच्या कायद्यात आधारची अट नाही. वयाची खात्री म्हणून डॉक्टर तुमचं एखादं ओळखपत्र पाहू शकतात. नवऱ्याचं कशाला?

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. आपल्याकडे हा हक्क पूर्णपणे स्त्रीच्या हातात नाही. ‘मला नको’ एवढं म्हणणं कायद्याला पुरत नाही, डॉक्टरनं वर सांगितलेल्या कारणांपैकी एक आहे असं मत नोंदवावं लागतं. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोघांचं. चोवीसनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. याचं मूळ कायद्याच्या जन्मात आहे. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये समिती नेमली गेली. तिच्यापुढे प्रश्न होता चोरून होणाऱ्या गर्भपातांत मरणाऱ्या बायकांचा. स्त्रीचा हक्क म्हणून तेव्हा कुणी त्याकडे पाहिलं नाही, म्हणून निर्णयाची किल्ली डॉक्टरच्या खिशात राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या एका आईला, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराशी ती झगडत असतानाही, सव्वीस आठवडे झाले म्हणून सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. आधी परवानगी मिळाली, मग ती परत घेतली गेली. तिची कहाणी तुमच्यासारखीच सुरू झाली होती, फक्त तिला कळायला फार उशीर झाला. तुमच्या हातात वेळ आहे. तो सह्यांच्या मागे घालवू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नाव कुठे कुठे लिहिलं जाईल. यावर मी जरा थांबणार आहे, कारण तुमचं जेवण या भीतीनं गेलंय आणि याबद्दल कायद्यात जे लिहिलंय ते फार थोड्या बायकांना, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांनाही, नीट माहीत नसतं.

२००३ च्या नियमावलीप्रमाणे गर्भपात करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी एक वेगळं प्रवेश रजिस्टर असतं, ‘फॉर्म तीन’. तुमचं नाव फक्त तिथे येतं. प्रत्येक वर्षी नवे क्रमांक सुरू होतात, तुम्हाला एक क्रमांक मिळतो आणि पुढे वर्ष. त्यानंतर केसपेपर, ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, फेरतपासणीचं कार्ड, कशावरही गर्भपाताच्या संदर्भात तुमचं नाव लिहायचं नाही, फक्त तो क्रमांक. तुम्ही सही केलेला फॉर्म सी आणि डॉक्टरनं लिहिलेलं मत एका पाकिटात घालून पाकीट बंद करायचं. वर तुमचा क्रमांक, डॉक्टरचं नाव आणि ‘गुप्त’ असा शेरा. ते पाकीट रुग्णालयाच्या प्रमुखाच्या ताब्यात, कुलपात. रजिस्टर हा गोपनीय दस्तऐवज आहे, कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय ते कुणालाही उघडून पाहता येत नाही. नवरा हा ‘अधिकार दिलेली व्यक्ती’ नाही. सासरे गावचे सरपंच असले तरी नाहीत. सरकारला दरमहा जो अहवाल जातो त्यात आकडे असतात, नावं नसतात.

२०२१ मध्ये याला कलम ५-अ ची जोड मिळाली. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव किंवा तपशील डॉक्टरनं उघड केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. चांगलं आहे. पण नीट वाचलं तर हे कलम फक्त नोंदणीकृत डॉक्टरला लागतं. कंपाउंडर, रिसेप्शनवरची मुलगी, आया यांच्यासाठी उरतो तो नियमावली जाणूनबुजून मोडल्याबद्दलचा दंड, जास्तीत जास्त एक हजार रुपये. गावात बाईची अब्रू जाते ती बहुतेक वेळा याच वाटेनं, आणि तिथे कायद्यानं लावलेली किंमत एक हजार. हे बदललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण बदलेपर्यंत तुमच्यासाठी व्यवहाराचा सल्ला एकच: त्या दवाखान्यात जाऊ नका. कंपाउंडरनं तुम्हाला दारात पाहिलं, एवढंच. बाई डॉक्टरकडे शंभर कारणांनी जाते. कुणी विचारलं तर पाळीची तक्रार होती म्हणा, त्यात खोटं काही नाही.

याच महाराष्ट्रात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं आणि निर्धास्त परत जावं, अशी सोय केली. गुप्ततेची हमी नसेल तर बायका येणार नाहीत आणि जिवाला मुकतील, हे त्या दोघांना तेव्हा उमजलं होतं. आज तीच हमी देण्याचं काम त्या बंद पाकिटाचं आहे.

त्या रजिस्टरच्या बाहेरची एक नोंद मात्र होते. गर्भ किती आठवड्यांचा आहे, गर्भाशयातच आहे ना, हे पाहायला डॉक्टर बहुधा सोनोग्राफी करतील आणि गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीला ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. तो गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याचा. त्यात नाव, पत्ता, पती किंवा वडिलांचं नाव, आधीची मुलं किती हे येतं आणि ती माहिती आरोग्य खात्याकडे जाते. घरी पत्र येत नाही, फोन येत नाही. २०१२ मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण गाजल्यानंतर राज्यात धाडी आणि तपासण्या इतक्या वाढल्या की एक मुलगी असलेली बाई गर्भपातासाठी आली की काही डॉक्टर तिच्याकडे संशयानंच पाहतात. तुम्हालाही असा अनुभव आला तर दुखावून परत फिरू नका. सात-आठ आठवड्यांच्या गर्भाचं लिंग सोनोग्राफीत दिसत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं.

खरी गळती मात्र घरातच होते. तुमच्या मोबाईलचं सिम नवऱ्याच्या नावावर आहे का, व्हॉट्सॅप त्याच्या लॅपटॉपवर उघडं राहतं का, ते बघा. लॅबवाले रिपोर्ट सर्रास व्हॉट्सॅपवर पाठवतात. त्यांना सांगा, रिपोर्ट हातातच द्या, मी थांबते. आभा क्रमांक, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, विचारला तर देऊ नका, तो देणं ऐच्छिक आहे. जोडखात्यातून जीपे केलंत तर दवाखान्याचं नाव स्टेटमेंटवर उमटतं, तेव्हा रोख द्या. आणि नवऱ्याच्या कंपनीच्या मेडिक्लेममधून खर्च काढायचा विचारही करू नका. क्लेमचा मेसेज पॉलिसीधारकाला जातो, आणि बऱ्याच पॉलिसींत वैद्यकीय गर्भपाताचा खर्च वगळलेलाच असतो. गावातल्या आशाताईंकडे गरोदरपणाची नोंद अजून झाली नसेल तर आता करायची गरज नाही.

तिसरा प्रश्न, नवऱ्यानं केस केली तर. पंजाब-हरियाणात एका नवऱ्यानं हे करून पाहिलं आहे. पत्नीनं आपल्याला न विचारता गर्भपात केला म्हणून त्यानं तिच्यावर, तिच्या माहेरच्यांवर आणि डॉक्टरांवर तीस लाखांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला. उच्च न्यायालयानं २०११ मध्ये तो फेटाळला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्याचं अपील फेटाळलं. नवऱ्याला नकाराधिकार नाही, हे त्यातून पक्कं झालं. फौजदारी गुन्हा तर होतच नाही, कारण मान्यताप्राप्त ठिकाणी, पात्र डॉक्टरकडून, तुमच्या संमतीनं झालेलं हे कायदेशीर काम आहे.

पण वकील म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. २००७ च्या घोष विरुद्ध घोष या घटस्फोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मानसिक क्रूरतेची काही उदाहरणं दिली होती. त्यात वैद्यकीय कारणाशिवाय किंवा पतीच्या संमतीशिवाय, त्याला न कळवता केलेला गर्भपात क्रूरता ठरू शकतो असं एक वाक्य आहे. ती यादी उदाहरणादाखल आहे, आणि तेव्हा खासगीपणाचा निकाल आलेला नव्हता. तरी उद्या संसार मोडायची वेळ आली तर समोरचा वकील ते वाक्य काढणार, हे धरून चाला. म्हणून ती जुनी फाईल हवी, आणि डॉक्टरच्या मतात मानसिक आरोग्याचं कारण नीट लिहिलेलं हवं.

नवऱ्याला सांगायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. कायदा तुम्हाला सांगायला भाग पाडत नाही, मीही पाडणार नाही. तुम्ही लिहिलंय की माणूस वाईट नाही. तुमचं ते वर्ष त्यानं पाहिलंय. कदाचित एका शनिवारी, सासूबाई घरात नसताना, ‘मला पुन्हा तसं व्हायचं नाही’ एवढं एकच वाक्य त्याला समजेल. कदाचित नाही समजणार. तुमच्या घरातली हवा तुम्हाला माहीत आहे. पण बहीण, मैत्रीण, कुणीतरी एक माणूस सोबतीला घ्या. गर्भपाताच्या त्या दोन दिवसांत पोटात कळा येतात, रक्तस्राव होतो, तेव्हा एकटं राहू नये.

कुठे जायचं? मिरज किंवा कोल्हापूरला, जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. पत्ता कुठला आहे यावरून कुणी नाकारू शकत नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही सोय असते. खासगी ठिकाणी जाणार असाल तर भिंतीवर ‘फॉर्म बी’चं मान्यता प्रमाणपत्र लावलेलं आहे का ते पाहा, दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. सरकारी ठिकाणी ‘आधी तांबी बसवा’ किंवा ‘ऑपरेशन करून घ्या, मग करू’ असं म्हणतील. तो सल्ला असू शकतो, अट नाही. मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्या काम करत नाहीत आणि जिवावर बेततं, शिवाय कायद्याचं सगळं संरक्षण हातचं जातं.

नोकरीचं म्हणाल तर मातृत्व लाभाच्या तरतुदींत गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा आहे. त्यासाठी डॉक्टर दाखला देऊ शकतात आणि तो दाखला पाहिलेल्या मालकानं ही माहिती इतर कुणालाही द्यायची नाही, असं गर्भपाताच्या त्याच २००३ च्या नियमावलीत लिहिलंय. पण पतसंस्थेत पाच माणसं आणि सेक्रेटरी सासऱ्यांचा मित्र, असं असेल तर साधी आजारपणाची रजा घ्या.

गोळ्यांनी करायचं तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ आठवड्यांच्या आत, म्हणजे ६३ दिवस. कॅलेंडरवर मोजा आणि याच आठवड्यात सोमवार-मंगळवारची सुट्टी टाका, शनिवारची वाट पाहू नका. जाताना तुमचं ओळखपत्र, जुनी फाईल, रोख पैसे, पॅड आणि सोबतीचं माणूस. तिथेही कुणी नवऱ्याची सही मागितली तर नकार कारणासह लेखी मागा. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काम होतं. नाही झालं तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज कसा लिहायचा ते मी सांगेन, त्याच दिवशी कळवा.